होडी उलटण्याचा पहिला धडा

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये एखाद्या सरोवराकाठच्या ख्रिस्ती उन्हाळी शिबिरात नौकानयनाचा पहिला तास पाहिला, तर तो काहीसा उलट्या क्रमाचा वाटतो. लाइफ जॅकेट घातलेली मुले शिडाच्या चिमुकल्या होडीत बसतात, काठापासून थोडी दूर जातात, आणि जवळच मोटारबोटीत उभा असलेला प्रमुख खूण करताच होडी मुद्दाम उलटवतात. शीड पाण्यावर आडवे पडते. मग मुले पोहत होडीच्या पोटाकडे जातात, तेथे बाहेर आलेल्या उभ्या फळीवर चढून भार टाकतात, आणि होडी हळूहळू सरळ होते. हे जमल्यावरच वाऱ्याची दिशा, सुकाणू, शिडाची दोरी इत्यादी पुढचे धडे सुरू होतात.

आधी पडणे, मग जाणे हा क्रम आज इतका स्वाभाविक झाला आहे की तो कधी नवा होता असे वाटतही नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मात्र तो नेमका उलटा होता. होडी उलटता कामा नये, आणि ती उलटू नये याची हमी म्हणजे होडीतील सज्जन, धर्मशील, धाडसी नायक, अशी तेव्हाची समजूत होती. ही समजूत कशी मोडली, याविषयीचा आजचा हा धागा आहे. तो मोठा आहे, कारण ही समजूत एका अपघाताने मोडली नाही.

प्रथम प्रश्न असा की धर्मसंस्थांना होडीत इतका रस का असावा? ख्रिस्ती परंपरेत नौका ही केवळ वाहन नाही. चर्चच्या इमारतीत उपासक जेथे बसतात त्या मुख्य भागाला इंग्रजीत ‘नेव्ह’ म्हणतात. तो शब्द बहुतेक अभ्यासकांच्या मते लॅटिनमधील नौकावाचक ‘नाविस’वरून आला आहे. येशूचे पहिले शिष्य गालील सरोवरावरचे कोळी होते. आपल्याकडे भवसागर आणि तारू ही रूपके जशी कीर्तनात सहज येतात, तशी तेथे प्रवचनात वादळ, नांगर आणि होडी येतात. ग्लासगो येथे १८८३ साली विल्यम अलेक्झांडर स्मिथ या संडे स्कूलच्या शिक्षकाने ‘बॉइज ब्रिगेड’ स्थापन केली, तेव्हा तिचे चिन्ह म्हणून त्याने नांगरच निवडला. इब्री लोकांस पत्रात आशेला आत्म्याचा नांगर म्हटले आहे, त्यावरून. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, या ब्रिगेडचे पहिले उन्हाळी शिबिर भरले ते स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, काइल्स ऑफ ब्यूट या चिंचोळ्या सामुद्रधुनीच्या काठी.

अटलांटिकच्या पलीकडेही हेच चालले होते. अर्नेस्ट बाल्च या तरुणाने १८८१ साली न्यू हॅम्पशायरमधील स्क्वाम सरोवरातल्या एका बेटावर ‘कॅम्प चोकोरुआ’ सुरू केले. श्रीमंतांच्या मुलांनी उन्हाळा हॉटेलांत लोळून घालवू नये, स्वतःची भांडी स्वतः घासावीत, होडी स्वतः वल्हवावी आणि झाडांखालच्या उघड्या उपासनास्थळी प्रार्थना करावी, अशी त्याची कल्पना होती. शिबिर १८८९ मध्ये बंद पडले. पण त्या बेटावर आजही उन्हाळ्यातल्या रविवारी उपासना होते आणि लोक होड्यांनी तेथे जातात. १८८५ मध्ये समनर डडली याने न्यूयॉर्क राज्यातील ऑरेंज सरोवराकाठी सात मुलांना नेले. वायएमसीएच्या परंपरेतील ‘कॅम्प डडली’चा हा आरंभ. पुढे हे शिबिर शॅम्प्लेन सरोवराकाठी गेले आणि तेथे अद्याप चालू आहे.

या साऱ्यामागे एक विचारधारा होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडमध्ये तिला ‘मस्क्युलर ख्रिश्चॅनिटी’, म्हणजे बलोपासक ख्रिस्तीपणा, असे नाव पडले होते. चार्ल्स किंग्ज्ले आणि थॉमस ह्यूज ही तिच्याशी जोडली गेलेली ठळक नावे. देह कणखर असेल तर शील कणखर राहते, आणि मैदान, डोंगर, समुद्र हे शीलाचे आखाडे आहेत, असा तिचा आशय. तिची थट्टा करणे आज सोपे आहे. मला ती पूर्णपणे थट्टेची वाटत नाही. शिडाची होडी ही तोवर धनिकांची करमणूक होती. गोदीत हमाली करणाऱ्याच्या मुलाने टेम्स नदी रोज पाहिली तरी तिच्यावर शीड उभारण्याचा प्रसंग त्याच्यावर येत नसे. तो प्रसंग त्याला मिळावा, असे प्रथम ज्यांना वाटले त्यांत या मिशनवाल्या मंडळींचा वाटा मोठा होता.

दक्षिण लंडनमधील वॉलवर्थ ही अशीच एक दाट, गरीब वस्ती. इंग्लंडमधील बड्या खासगी शाळांनी त्या काळी गरीब वस्त्यांत मिशने चालवण्याची प्रथा पाडली होती. डलिच कॉलेज या शाळेचे मिशन वॉलवर्थमध्ये होते. बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउन्सी बेटावर सुमारे वीस मुलांचे प्रायोगिक शिबिर भरवले, त्यानंतर स्काउट चळवळ वणव्यासारखी पसरली आणि अशा मिशनांना आयतीच चौकट मिळाली. डलिच मिशनचे पथक ‘दुसरे वॉलवर्थ’ म्हणून ओळखले जाई. त्याचे स्काउटमास्टर होते सिडनी मार्श.

१९१२ च्या ऑगस्टमधील पहिल्या शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सार्वजनिक सुट्टी होती. शनिवारी, ३ ऑगस्टला, मार्श आणि त्यांचे काही मोठे सहकारी वीसहून अधिक मुलांना घेऊन वॉटर्लू पुलापाशी शिडाच्या एका जुन्या कटर होडीत बसले. टेम्सच्या मुखाकडे जायचे, शेपी बेटाच्या पूर्वेकडील लेझडाउन गावी उतरायचे आणि तेथे शिबिर करायचे, असा बेत होता. शिबिराला होडीने जाणे हेच शिबिराचे पहिले शिक्षण, असा हिशेब.

टेम्सचे मुख नकाशावर निरुपद्रवी दिसते. प्रत्यक्षात तेथे नदी आणि समुद्र यांची रोजची झटापट असते. वाळूचे दांडे, उथळ पाणी, जोरदार भरती-ओहोटी. आणि प्रवाहाच्या विरुद्ध वारा वाहू लागला की आखूड, उभ्या, एकामागून एक येणाऱ्या लाटा. कोकणात खाडीच्या तोंडाशी होडी काढणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागणार नाही. रविवारी, ४ ऑगस्टला, लेझडाउन दृष्टीच्या टप्प्यात असताना वाऱ्याचा एक सोसाट्याचा झोत आला आणि होडी उलटली. किनाऱ्यावरील तटरक्षकांनी होडी घालून जमेल तितक्यांना बाहेर काढले. मार्श पाण्यात मुलांसाठी झटत राहिले. नऊ मुले दगावली. आठ स्काउट होते. नववा टेम्सवरच नांगरलेल्या ‘अरेथ्युसा’ या प्रशिक्षण-नौकेवरचा मुलगा होता, म्हणजे समुद्रावरच्या जीवनाचे रीतसर शिक्षण घेणारा. सगळ्यांची वये अकरा ते चौदा.

पुढचा भाग इंग्लंडच्या सार्वजनिक स्मृतीत अधिक राहिला. नौदलाचे मंत्री विन्स्टन चर्चिल यांनी ‘फर्व्हंट’ ही विनाशिका दिली आणि शवपेट्या तिच्यावरून टेम्समार्गे लंडनला आणल्या गेल्या. वॉलवर्थच्या सेंट जॉन चर्चमध्ये त्या अंत्यदर्शनासाठी ठेवल्या होत्या. अंत्ययात्रेला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एवढी गर्दी लोटली की एखाद्या सेनापतीलाही तिचा हेवा वाटावा. दफन नन्हेड दफनभूमीत झाले. ‘डेली ग्राफिक’ या दैनिकाच्या पुढाकाराने तेथे स्मारक उभे राहिले; त्याचा आराखडा जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांचा. इंग्लंडमधील लाल टेलिफोनपेटी पुढे ज्यांनी घडवली, तेच हे वास्तुशिल्पी. स्मारकावर माणसाच्या उंचीचा कांस्य स्काउट उभा होता. १९६९ साली तो चोरीला गेला. सध्याचे साधे दगडी स्मारक १९९२ मधले आहे.

मला मात्र या अंत्ययात्रेपेक्षा मृत्यूच्या न्यायिक चौकशीत अधिक रस आहे. निर्णय अपघाती मृत्यूचा झाला आणि मार्श निर्दोष ठरले. आजच्या नजरेने मार्श यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा मोह होतो, पण तो अन्याय ठरेल. त्यांनी त्या काळच्या मापाने काही चुकवले नव्हते. तेव्हा मापच नव्हते. मुलांना पोहता आलेच पाहिजे, असा नियम नव्हता. अंगावर तरणारे काही असावे, सोबत दुसरी होडी असावी, किती मुलांमागे किती जाणती माणसे असावीत, वारा किती झाला म्हणजे निघू नये, यांपैकी एकही गोष्ट कायद्याने किंवा रूढीने ठरलेली नव्हती. चौकशीपुढे मोजण्यासारखी एकच वस्तू होती, ती म्हणजे नायकाची वागणूक. आणि तो स्वतःचा जीव धोक्यात घालून मुलांसाठी झटला होता. शील चोख निघाले, म्हणून प्रकरण मिटले.

येथे दोन तारखा शेजारी ठेवाव्यात असे वाटते. टायटॅनिक त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये बुडाली. तिच्यासंबंधीच्या ब्रिटिश चौकशीचा लॉर्ड मर्सी यांचा अहवाल ३० जुलै १९१२ रोजी सादर झाला. जहाजावरील प्रत्येक माणसाला जीवरक्षक होडीत जागा असलीच पाहिजे, ही त्यातील एक प्रमुख शिफारस. लेझडाउनची दुर्घटना त्यानंतर पाचव्या दिवशी घडली. ज्या आठवड्यात मोठ्या जहाजांवर माणसांमागे जागा मोजण्याचे सरकारने मनावर घेतले, त्याच आठवड्यात वीसहून अधिक मुले एका होडीत बसून समुद्राच्या तोंडाशी गेली आणि ती उलटल्यास काय, हा प्रश्न कोणाच्या कामाच्या यादीत नव्हता. मोठ्या जहाजाला कारखान्यासारखे वागवण्यास समाज तयार झाला होता. शिबिराची होडी अजून घरातल्या, नैतिक प्रांतात होती. तेथे नियम मागणे म्हणजे सज्जन माणसावर अविश्वास दाखवणे.

नियम आणि श्रद्धा यांचे असे वैर सर्वत्र असतेच असे नाही. कोकणातला कोळी नारळी पौर्णिमेपूर्वी होडी समुद्रात घालत नाही. नारळ अर्पण करणे हा विधी आहे, पण त्या विधीच्या पोटात पावसाळी समुद्राविषयीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव तारखेच्या रूपाने बसवलेला आहे. नायक कितीही धाडसी असो, तिथी त्याच्यापेक्षा मोठी. वॉलवर्थच्या मुलांच्या धर्मात नांगर होता, नौका होती, वादळ शमवणारा प्रभू होता. केव्हा निघू नये हे सांगणारी तिथी मात्र नव्हती. शहरातल्या मिशनने समुद्राचे रूपक उचलले होते. समुद्रकाठच्या माणसांची भीती त्यासोबत आली नव्हती.

त्याच १९१२ साली बेडन-पॉवेल यांचे थोरले बंधू वॉरिंग्टन यांचे समुद्री स्काउटांसाठीचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले. हे गृहस्थ मुरलेले नाविक आणि सागरी कायद्याचे जाणकार वकील होते. म्हणजे ज्ञान उपलब्ध नव्हते असे नाही. ते शिबिर चालवणाऱ्या माणसाकडे असलेच पाहिजे, ही अट नव्हती.

अट प्रथम आली ती पोहण्याच्या बाबतीत, आणि तीही एका ख्रिस्ती संस्थेच्या तलावातून, हे नोंदवले पाहिजे. १९०९ मध्ये जॉर्ज कॉर्सन यांनी डेट्रॉइटच्या वायएमसीएत पोहणे सामुदायिक पद्धतीने शिकवण्यास सुरुवात केली. मुलांना रांगेत उभे करून हातपाय मारण्याच्या क्रिया आधी जमिनीवर शिकवायच्या आणि मग पाण्यात उतरवायचे. तोवर पोहणे एकेकट्याने, शिक्षकाच्या हातात दोरी देऊन शिकवण्याची चीज होती. तज्ज्ञांना हा कवायतीचा प्रकार विचित्र वाटला. पण त्यामुळे पोहणे हे शेकडो मुलांना थोड्या दिवसांत देता येण्यासारखे कौशल्य झाले, आणि म्हणून ते सर्वांकडून मागता येण्यासारखेही झाले. १९१४ मध्ये विल्बर्ट लाँगफेलो यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकन रेड क्रॉसचे जीवरक्षक दल उभे राहिले. पाण्यात उतरणाऱ्या मुलांच्या जोड्या लावणे, फळ्यावर प्रत्येकाच्या नावाचा बिल्ला टांगणे, शिट्टी होताच जोडीदाराचा हात धरून वर करणे आणि मोजणी जुळेपर्यंत सगळे थांबवणे, अशा रीती अमेरिकन शिबिरांत पुढे रुळल्या. या रीतींत वीररसाचा लवलेश नाही. तोच त्यांचा गुण.

तरीही होडीच्या बाबतीत जुनी समजूत चिवट राहिली. २० जुलै १९२६ रोजी कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात बॉलसम सरोवरावर ‘ब्रदरहुड ऑफ सेंट अँड्र्यू’ या अँग्लिकन संघटनेच्या शिबिरातून पंधरा जण एका लांब कॅनूतून निघाले. होडी उलटली. तिला धरून राहण्याच्या प्रयत्नात एकेकाची शक्ती संपत गेली आणि अकरा जण गेले. हे शिबिर मुलांना नेतृत्व शिकवण्यासाठीच भरले होते. लेझडाउनशी त्याची ठेवण किती जुळते पाहा. सगळे एकाच होडीत; जाणते माणूसही त्याच होडीत; होडी उलटली की वाचवणारा आणि वाचवायचे ते, दोघेही त्याच पाण्यात. लेझडाउनला निदान किनाऱ्यावर तटरक्षक पाहत होते.

माझ्या मते या इतिहासाचा सांधा येथे आहे. नायक होडीत बसलेला असेपर्यंत त्याचे शील, बळ, अनुभव हेच सर्वांचे भवितव्य ठरवीत. त्याला होडीतून बाहेर काढल्याशिवाय सुरक्षिततेची भाषाच बदलणे शक्य नव्हते. ते काम कोणत्या अहवालाने केले नाही. ते स्वस्त लाकडाने केले.

१९४७ मध्ये फ्लोरिडातील क्लिअरवॉटर गावी क्लार्क मिल्स या होडी बांधणाऱ्याकडे एक मागणी आली. तेथील ऑप्टिमिस्ट क्लबला मुलांसाठी अशी होडी हवी होती, की जी बाप आणि मुलगा मिळून गॅरेजमध्ये बांधू शकतील आणि जिचा खर्च पन्नास डॉलरांपलीकडे जाणार नाही. मिल्सने प्लायवूडच्या ठरावीक आकाराच्या तक्त्यांतून निघेल अशी, बोथट तोंडाची, जेमतेम अडीच मीटरांच्या आतली एक पेटीवजा होडी आखली. दिसायला ती अगदीच ओबडधोबड, तरंगत्या खोक्यासारखी. पण ‘ऑप्टिमिस्ट’ नावाने ती जगभर गेली. आज ऑलिंपिकमध्ये शीड हाकणाऱ्या कित्येकांचे पहिले धडे तिच्यातच झालेले असतात. १९५०च्या दशकात ‘सनफिश’ ही सपाट, बंदिस्त पोटाची होडी आली. ती अमेरिकन शिबिरांच्या धक्क्यांवर कायमची वस्तीला आली. इंग्लंडमध्ये १९६०च्या दशकाच्या आरंभी ‘डेली मिरर’ने पुरस्कृत केलेली, घरी बांधता येणारी ‘मिरर’ होडी, लाल शिडाची, घराघरांत पोहोचली.

या होड्या स्वस्त होत्या हे महत्त्वाचे. पण त्याहून महत्त्वाचे असे की त्या उलटणे गृहीत धरून आखलेल्या होत्या. त्यांच्यात हवेच्या बंद जागा किंवा फुगवलेल्या पिशव्या असत, त्यामुळे उलटल्या तरी बुडत नसत. लहान मुलाच्या वजनाने सरळ होण्याइतक्या त्या हलक्या होत्या. जुन्या जड होडीत उलटणे म्हणजे शेवट. या होड्यांत उलटणे म्हणजे अर्ध्या मिनिटाचा व्यत्यय. साहजिकच ते शिकवता येऊ लागले, आणि जे शिकवता येते ते आधी शिकवावे हे ओघाने आले. मोठ्या होडीत वीसजण एका नायकाच्या हाताखाली बसत. येथे एका होडीत एक किंवा दोन मुले, आणि नायकाला बसायला जागाच नाही! त्याला बाहेर, दुसऱ्या बोटीत उभे राहावे लागले.

ती दुसरी बोटही मुलांच्या नौकानयनातूनच घडली, ही हकिगत फारशी सांगितली जात नाही. कुर्ट हान हे जर्मन-ज्यू शिक्षणतज्ज्ञ नाझींच्या राजवटीतून निसटून ब्रिटनमध्ये आले, पुढे अँग्लिकन झाले. त्यांनी आणि जहाजमालक लॉरेन्स होल्ट यांनी १९४१ मध्ये वेल्समधील अबरडवी येथे ‘आउटवर्ड बाउंड’ची पहिली शाळा काढली. टॉर्पेडो लागून जहाज बुडाल्यावर तरणेबांड खलाशी आधी धीर सोडतात आणि म्हातारे तगतात, अशी होल्ट यांची समजूत होती. तरुणांना तगणे शिकवावे, हा शाळेचा हेतू. हान यांच्याच विचारांतून १९६२ मध्ये वेल्सच्या सेंट डोनॅट्स किल्ल्यात ‘अटलांटिक कॉलेज’ उघडले. ते ब्रिस्टल खाडीवर आहे, जेथील भरती-ओहोटीतला फरक जगातील सर्वांत मोठ्या फरकांत गणला जातो. विद्यार्थ्यांच्या शिडाच्या होड्यांवर लक्ष ठेवण्यासाठी हवा भरलेल्या रबरी बोटी वापरत, पण गोट्यांच्या किनाऱ्यावर त्यांचे तळ फाटून जात. प्राचार्य डेस्मंड होअर हे निवृत्त रिअर ॲडमिरल. त्यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून अशा बोटींना खालून लाकडी कठीण तळ बसवण्याचे प्रयोग वर्षानुवर्षे केले. त्यातून कठीण तळाची, फुगीर कडांची वेगवान बचावबोट निर्माण झाली. होअर यांनी तिचे हक्क ब्रिटनच्या जीवरक्षक नौका संस्थेला एका पौंडाला देऊन टाकले. आज आपल्या तटरक्षक दलापासून किनारी पोलिसांपर्यंत ज्या प्रकारच्या बोटी दिसतात, त्यांची ही वंशावळ आहे.

येथे कथा सुखान्त करून थांबवता आली असती. पण ११ जून १९७८ हा दिवस मध्ये येतो. ऑन्टारिओतील सेंट जॉन्स या मुलांच्या अँग्लिकन शाळेचे सत्तावीस विद्यार्थी आणि चार मोठी माणसे चार मोठ्या कॅनूंतून टिमिस्कमिंग सरोवरावर निघाली. कठोर परिश्रमातून शील घडते, या तत्त्वावरच ती शाळा उभी होती. वारा वाढला, एक होडी उलटली, तिला मदत करताना पुढच्या उलटल्या. बारा मुले आणि एक शिक्षक मरण पावले. त्यांनी लाइफ जॅकेटे घातली होती. जूनमधील त्या पाण्याचा गारठाच जीवघेणा ठरला. माणसे तरंगत राहिली आणि तरंगतच थंड झाली. १९१२ मध्ये नव्हत्या त्यांपैकी काही गोष्टी १९७८ मध्ये होत्या. सोबत दुसऱ्या होड्या होत्या, पण त्याही त्याच वाऱ्यात, तितक्याच थकलेल्या हातांत. मोटारबोट नव्हती. एखादे साधन आले म्हणजे त्यामागचा विचार आलाच, असे होत नाही. ‘कष्ट सोसणे चांगले’ आणि ‘म्हणून अधिक कष्ट अधिक चांगले’ या दोन वाक्यांतील अंतर त्या शाळेने ओळखले नाही, असे म्हणणे कठोर आहे; पण तसे म्हणावे लागते.

आजच्या ख्रिस्ती शिबिरातील नौकानयन-प्रमुखाचे काम या सगळ्या मागण्या एकत्र सांभाळण्याचे आहे. सकाळी तो वाऱ्याचा वेग पाहतो आणि मुलांच्या वयानुसार आज कोणत्या होड्या काढायच्या ते ठरवतो. कपड्यांसह पोहण्याची चाचणी घेतो. बिल्ले मोजतो. दिवसभर पाण्याकडे पाहत उभा राहतो. त्याचे बहुतेक काम हे पाहणेच असते. आणि संध्याकाळी शेकोटीपाशी त्याच मुलांना शुभवर्तमानातली गोष्ट सांगतो.

गोष्ट बहुधा होडीचीच असते, आणि येथे त्याला निवड करावी लागते. मार्कच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांसोबत होडीत आहे, उशाशी डोके ठेवून झोपला आहे. वादळ उठते, शिष्य त्याला जागे करतात आणि तो वाऱ्याला गप्प करतो. जुन्या शिबिरांचा हा आवडता उतारा असावा, यात नवल नाही: तारणारा होडीतच आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात दुसरी गोष्ट आहे. तेथे येशू होडीबाहेर आहे, पाण्यावरून चालत येतो आहे. पेत्र होडीतून उतरतो, चार पावले टाकतो, वारा पाहून घाबरतो, बुडू लागतो. आणि बाहेरून हात पुढे येतो. मोटारबोटीतून दिवसभर मुलांना उलटताना आणि उभे राहताना पाहणाऱ्या माणसाला ही दुसरी गोष्ट अधिक जवळची वाटत असणार, असा माझा तर्क आहे. धर्मशास्त्र मी शिकलेलो नाही; पण कामाची पद्धत बदलली की माणसे धर्मग्रंथातले वेगळे पान उघडतात, हे इतिहासात अनेकदा दिसते.

कायदा सर्वांत शेवटी आला. २२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडमधील लाइम उपसागरात एका व्यावसायिक साहसकेंद्राच्या सहलीत चार शाळकरी मुले कयाक होड्यांतून वाहून गेली आणि मरण पावली. केंद्रातून आधी सोडून गेलेल्या प्रशिक्षकांनी व्यवस्थापनाला धोक्याचे लेखी इशारे दिले होते, हे खटल्यात पुढे आले. संचालकाला तुरुंगवास झाला आणि कंपनीलाही सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरले गेले; इंग्लंडच्या कायद्यात कंपनीविरुद्धचा असा हा पहिलाच निकाल. लेझडाउनच्या चौकशीने नायकाचे शील तोलले होते. येथे न्यायालयाने पत्रव्यवहार, वेळापत्रक, प्रशिक्षकांची पात्रता आणि मदत मागवण्यास झालेला उशीर तोलला. १९९५ मध्ये ब्रिटिश संसदेने मुलांच्या साहसकेंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला.

त्या कायद्यात एक अपवाद आहे. स्वयंसेवी संस्था स्वतःच्या सदस्यांसाठी जे उपक्रम चालवतात, त्यांना हा परवाना लागत नाही. म्हणजे पैसे घेऊन होडी शिकवणारे केंद्र तपासणीखाली आले. पण १९१२ चे वॉलवर्थचे पथक आज शेपी बेटाकडे निघाले असते, तर या कायद्याने त्याच्याकडे परवाना मागितला नसता. अशा संस्थांनी मधल्या काळात स्वतःचे नियम केले आहेत: होडी नेण्याचे परवानगीपत्र, प्रशिक्षकाची प्रमाणपत्रे, पाण्याच्या प्रकारानुसार वर्गवारी. ब्रिटिश स्काउटांचे असे नियम बरेच तपशीलवार आहेत. त्या कागदांवर ज्याची सही असते तो बहुधा विशी-पंचविशीतला स्वयंसेवक असतो, सुट्टीतले काही आठवडे देणारा.